आधी बटणापाशी

मॉरविदबाईंच्या जिन्यातला दिवा
मार्चपासून बटण दोनदा आपटल्यावरच लागायचा.
ब्लायनाय फेस्टिनिओगात घरं डोंगराला पाठ टेकून उभी,
जिन्यात भर दुपारी रात्र.
बाई एक्क्याऐंशीच्या. उजवा खांदा वर जात नाही.
पस्तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात पातेली ढवळली,
त्याचं व्याज.

मी मेन पाडला. टेस्टर लावला.
टेस्टरच खोटं बोलत नाही ना, तेही तपासलं.
मग दोन स्क्रू, आणि पाटी हातात.

आत दोनच वायरी. एक लाल, एक काळी.
"काळी म्हणजे न्यूट्रल," शिकाऊ माक्सेन म्हणाला
आणि बोट पुढे केलं.
मी त्याचं मनगट धरलं.
मेन बंद होता तरी धरलं.

बघ, या घरात वीज आधी छतात जाते.
तिथून खाली उतरते, बटणाला विचारते,
होकार घेऊन पुन्हा वर चढते.
काळी ती होकाराची.
दिवा लागला की तिच्यात पुरते दोनशे तीस.
म्हणून तिच्या टोकाला लाल बाही चढवतात,
की रंगावर जाऊ नका, मी तशी नाही.
इथे ती कुणी चढवली नव्हती.

कुणी म्हणजे,
तांब्याचं टोक दुमडून दुहेरी केलेलं,
स्क्रूखाली उलट्या बाजूने सरकवलेलं,
डुगडुगणाऱ्या डब्याखाली
सिगारेटच्या पाकिटातली चांदी, घडी घालून.
असा डावखुरा हात गावात एकच.
तो या क्षणी स्वयंपाकघरात डॉमिनो खेळत होता,
कारण मंगळवारी मी त्याला घरी एकटं सोडत नाही.

"बाबा, काळीला बाही नाही."
ठोकळा ठेवल्याचा आवाज.
"अडुसष्ट साली सगळ्यांना माहीत होतं."
"सगळे म्हणजे कोण?"
थोडा वेळ गेला.
"मी."

बाही चढवून, बटण बदलून
वीस मिनिटांत निघता आलं असतं.
पण वर छतात, त्या वाटीएवढ्या गोलात
चार केबलींच्या गाठी,
आणि उद्या काही सुटलं तर शिडीवर कोण?
बाबा तेव्हा तिशीत होते.
तिशीतल्या माणसाला सगळ्या गाठी छतात ठेवायला
काहीच वाटत नाही.

तर आम्ही भिंत खरवडली.
खोल डबा बसवला, पस्तीस मिलिमीटर.
पुरवठा थेट तिथेच आणला:
तपकिरी बटणाला,
निळी निळीला, चिमट्यात, बटणाला न शिवता,
अर्थिंग अर्थिंगला.
वर आता एकच केबल जाते.
छताला काही ठरवायचं नाही,
सांगितलं की उजळायचं.
जे काय बिघडेल ते छातीच्या उंचीवर,
उभ्या माणसाला दिसेल असं.

बाबा येऊन डब्यात डोकावले.
"फार गर्दी केलीस."
"हो."
"आमचं स्वच्छ असायचं. दोन वायरी."
"हो बाबा."
त्यांनी चांदीची घडी उचलली,
उलगडली, पुन्हा घडी केली, खिशात टाकली.

जुनी काळी गिलाव्यातून निघेना.
दोन्ही टोकं सोडवली, तपासली. मेलेली.
मेलेल्या वायरीला बाही घालावी असा नियम नाही.
माक्सेन सिमेंट कालवत होता, त्याची पाठ होती,
मी घातली.
मग त्याने लिंपून टाकलं.

संध्याकाळी मॉरविदबाईंनी कोपरानेच बटण दाबलं.
एकदाच.
वर बघितलं, खाली बघितलं.
"एल्विन," त्या बाबांना म्हणाल्या,
"तुझ्या दिव्यात ही जळमटं नव्हती."
आणि माझ्याकडे झाडू मागितला.